वायरला ताप

अण्णांनी बोर्डाखालच्या वायरला थर्मामीटर लावला, तेव्हा पद्मजेनं तोंडावर पदर घेतला. हसू फुटलं असतं तर सगळंच बिघडलं असतं.

"एकशे चार," अण्णा म्हणाले. "बघ की. माणूस असता तर दवाखान्यात न्यावा लागला असता."

अण्णा म्हणजे घरमालक. वीज कचेरीतून निवृत्त झालेले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त व्हायची राहिलेली. त्यांच्या शिवाजी पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत पद्मजेनं चार कॉम्प्युटर मांडले होते. सत्त्याऐंशी साल. पेठेतली माणसं दारातून वाकून बघायची आणि टीव्हीवर सिनेमा कधी लागणार म्हणून विचारायची. सोमवारी क्लास सुरू व्हायचा होता. नवरा कोडोलीच्या शाळेत मास्तर, दिवसभर बाहेर. क्लास घरातच हवा होता, कारण मधल्या खोलीत पाळण्यात आठ महिन्यांची छकुली होती. आणि अण्णांनी तर बजावलं होतं, सोमवारी सकाळी वायर तापलेली दिसली की यंत्रं बाहेर. बाहेर म्हणजे राजारामपुरीत भाड्याची खोली, आणि छकुली दिवसभर दुसऱ्या कुणाच्या मांडीवर. नुसत्या विचारानंच पद्मजेला पान्हा फुटायचा.

अण्णांची बायको, अक्का, ओलं फडकं घेऊन आल्या. "पट्टी ठेवू काय गं?"

"अक्का, विजेची वायर आहे ती."

"मग कोरडीच ठेवते."

शेवटी पद्मजेनं कुतुबुद्दीनला बोलावलं. शेजारच्या गल्लीत त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. गावातल्या निम्म्या लेथच्या मोटरी त्याच्या हातून बऱ्या झालेल्या, आणि सगळ्यांना औषध एकच, कंडेन्सर.

"वैनी, पावर फॅक्टर बिघडलाय," त्यानं नाडी बघितल्यासारखी वायर चाचपली. "मोटर असली की वीज रेंगाळत चालती. कंडेन्सर तिला मागनं ढकलतोय."

"पण यात मोटर कुठाय, कुतुबुद्दीनभाई?"

"आत पंखा फिरतोय न्हवं? फिरतंय ती मोटरच की."

त्यानं पावाएवढा कंडेन्सर बसवला. बटण दाबलं, तसा बोर्ड गुरगुरायला लागला. अण्णांनी थर्मामीटर लावला. एकशे सहा.

"आता बडबडाय लागणार ही," अण्णा म्हणाले.

कुतुबुद्दीननं डोकं खाजवलं. "डोस कमी पडला. आणि एक लावू."

दुसरा कंडेन्सर पुरीसारखा टम्म फुगला, फुसफुसला, आणि तेलाची एक चिळकांडी सरळ कुतुबुद्दीनच्या पांढऱ्या टोपीवर बसली. त्यानं टोपी काढली, वास घेतला, परत घातली.

"डोस जास्त झाला," तो म्हणाला.

रविवारी दुपारी पद्मजा छकुलीला पाजत होती. दुसऱ्या मांडीवर कॉम्प्युटरबरोबर आलेलं पुस्तक. त्यात एक चित्र होतं. विजेची लाट टेकडीसारखी गोल, पण यंत्र वीज घेतं ते फक्त टेकडीच्या माथ्यावर, सुळक्यासारखं. तिनं खाली बघितलं. छकुली घटाघटा पाच-सहा घोट ओढायची, दमायची, मंगळसूत्राशी खेळायची, पुन्हा घटाघटा.

"होय गं बाई," पद्मजा म्हणाली. "तूसुद्धा तसलीच."

पोरीला कडेवर घेऊन ती कुतुबुद्दीनच्या दुकानात गेली.

"कुतुबुद्दीनभाई, गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात, तिथं पैलवान दूध कसं पितात?"

"एका दमात. गिलास भरायचा अवकाश."

"आणि चौघांनी एकदम गिलास पुढं केला तर?"

"म्हसवाला बोंबलतोय. म्हस बी बघाय लागती."

"माझी यंत्रं तेच करतात. लाट माथ्यावर आली की चौघं मिळून ओढतात, मग गप्प. ती रेंगाळत नाहीत, हावरटपणा करतात. तुमचा कंडेन्सर त्यांच्या पंगतीत बसलेला पाचवा हावरट."

कुतुबुद्दीननं टोपीवरचा तेलाचा डाग चाचपला. औषध चुकल्याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. त्यानं छकुलीकडं बघितलं.

"हिला बाटली देता? बुचाला भोक केवढं?"

"बारीक. नाहीतर ठसका लागतो."

"मग तारंची गुंडाळी घालू की वाटंत. चोक. ट्यूबलाइटच्या पट्टीत असतोय, त्याचा थोरला भाऊ. एकदम ओढायचं म्हटलं तरी ओढू द्यायचा न्हाय."

रात्रीच कंडेन्सर काढून त्यानं चोक बसवला. सोमवारी सकाळी चारही पडदे उजळले. अण्णांनी थर्मामीटर लावला, काढला, झटकला, पुन्हा लावला. पारा तळातून हलेना.

"गेली काय ही?" अण्णा घाबरले.

"जित्ती हाय, अण्णा," कुतुबुद्दीन म्हणाला. "नुसती सावकाश जेवती."

"परदेशात म्हणे नियमच केलेत," पद्मजा हळूच म्हणाली. "यंत्रानं वीज कशी ओढावी याचे."

अण्णा ताठ झाले. "लेखी?"

"लेखी."

तीस वर्षं अण्णांनी नियम सांगितले होते आणि तीस वर्षं पेठेनं ते ऐकले नव्हते. आता यंत्रं ऐकणार होती. ते तडक घरात गेले आणि पुठ्ठा लिहून खोलीच्या दाराला लावला. क्लास इथेच भरेल. यंत्रांनी वीज सावकाश घ्यावी. चोकला कोणी हात लावू नये.

एवढ्यात आत छकुली उठून रडायला लागली आणि पद्मजा चौघा विद्यार्थ्यांना तसंच सोडून धावली. अण्णांनी खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या चौथी ओळ घातली: बाळ उठल्यास सर्वांनी, यंत्रांसह, थांबावे.