मान वळली की हात

थोरली हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, तीही तान्ह्या मुलांची. मान न धरणारी, अंग ताठ करणारी, पालथं पडायला विसरलेली अशी शेकडो बाळं बारा वर्षांत तिच्या हाताखालून गेली होती. घरी मात्र ती कामाचं नाव काढत नसे. धाकटी बहीण सात महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आली तेव्हा तिने रजा टाकली, ती निव्वळ मावशी व्हायला.

बाळाला सगळे पहिलवान म्हणत. मुठी सदा आवळलेल्या, आणि पाय असे ताठ की काखेत धरून जमिनीला टेकवलं तर गडी चवड्यांवर उभा. दोघींची आई शेजारणीला बोलावून दाखवत होती. "सातव्या महिन्यात उभा राहतोय बघा! याच्या आईने दीड वर्षाची होईस्तोवर बूड हलवलं नव्हतं."

थोरलीने त्याला मांडीवर उताणं घेतलं. अंगठे मुठीच्या आत दडलेले. धाकटीने उजवीकडून हाक मारली तशी त्याने मान वळवली, आणि उजवा हात ताठ सुटला, डावा कोपरात दुमडला.

"बघ ताई, बाण मारतोय," धाकटी हसली.

थोरलीने डावीकडून टिचकी वाजवली. आता डावा हात ताठ, उजवा दुमडलेला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा तेच. नव्या जिवाचं असं होतंच. मान वळली की हात आपसूक सुटतो, त्यात बाळाच्या मर्जीचा काही संबंध नसतो. पण पाच-सहा महिन्यांत ते विरून जातं आणि हात बाळाचा स्वतःचा होतो. याचा झाला नव्हता. थोरली टिचक्या वाजवत राहिली, घरचे हसत राहिले.

दोन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. परक्या आयांना हेच ती रोज सांगत असे. तिसऱ्या दिवशी, वाळलेले कपडे काढताना, ती म्हणाली, "याला एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या."

धाकटीच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "का?"

"पाय ताठ करतो ना, ते उभं राहणं नाही गं. त्याला पाय सैल सोडता येत नाहीत."

"तुला दिसेल त्या मुलात पेशंटच दिसतो. स्वतःचं एक असतं ना, म्हणजे कळलं असतं तुला."

ते वर्मी लागलं. पण रुसायला वेळ कुठे होता? "माझं चुकलं तर जन्मभर मला बोल लाव. पण दाखव."

आई मध्ये पडली, ती धाकटीच्या बाजूने. त्याच संध्याकाळी धाकटी बॅग भरून निघून गेली.

दोन महिने फोन नाही. मग एका सकाळी ती थोरलीच्या विभागाच्या दारात उभी राहिली, कडेवर बाळ, काखेत फाइल. तपासण्या झाल्या होत्या. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. "व्यायाम करा म्हणाले," ती म्हणाली. "म्हटलं, ताईकडेच नेते."

थोरलीने गादीवर बाळाला निजवलं आणि त्याच्या मुठीत हलकेच एक लाल रबरी कडं सरकवलं. त्याला ते तोंडात घालायचं होतं. कुठल्या बाळाला नसतं? त्याने कड्याकडे पाहिलं. पाहायला मान वळली, मान वळली म्हणून हात ताठ झाला, आणि कडं तोंडापासून लांब गेलं. जितकं निरखून बघावं तितकं ते लांब. शेवटी त्याने भोकाड पसरलं.

"त्याला हवंय ते," धाकटी म्हणाली. "कळतंय त्याला."

"कळतंय."

"मग?"

सरावाने मेंदू नवी वाट शोधतो, धीर धरा, हे उत्तर थोरलीला पाठ होतं. ते तिने दिलं. देताना आपलाच आवाज तिला कागदावरून वाचल्यासारखा वाटला.

ती त्याला कुशीवर निजवी, पाठीला उशी लावी, म्हणजे दोन्ही हात आपल्या भाराने पुढे येत. चौथ्या आठवड्यात तो पेंगत असताना कडं त्याच्या ओठांना टेकलं. दोघींनी श्वास रोखला. ते काय म्हणून त्याने डोळे उघडून पाहिलं, आणि हात सुटला.

"ते दोन महिने मी घालवले नसते, तर?" धाकटीने विचारलं.

"माहीत नाही."

"खरं सांग, ताई."

"खरंच माहीत नाही गं. दोन दिवस मीही गप्प होते."

आता तो दीड वर्षाचा आहे. अजून बसत नाही. डावी मूठ थोडी उघडते, एवढंच. धाकटी आठवड्यातून तीनदा येते, त्याला स्वतः कुशीवर निजवते, गुडघे कसे दुमडायचे ते तिला सांगावं लागत नाही. पहिल्या दिवसांत ती दर वेळी विचारायची, "कधी बसेल गं?" आणि थोरली मनात म्हणायची, हिने हे विचारू नये. आता ती विचारत नाही. गादीच्या दोन बाजूंना दोघी बसतात, बाळाचा एकेक हात हातात घेऊन, आणि थोरली वाट बघते की हिने एकदा तरी विचारावं.