सारजाबाईचा खडा

निघोज्याच्या शिवारात तो दगड पडला तेव्हा भर दुपार होती. सारजाबाई ज्वारी काढत होती. आभाळात तोफेसारखा आवाज झाला आणि बांधालगत माती उडाली. जाऊन पाहते तर लिंबाएवढा काळा दगड. तिनं तो ओच्यात घालून घरी आणला आणि चुलीमागच्या फळीवर ठेवला. "आभाळातनं आलाय, पायदळी नको," म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती तापानं गेली.

इंद्रायणीकाठी अग्नी देताना मडक्याला भोक पाडायला दगड लागला. तिच्या नवऱ्यानं, कोंडीरामनं, बंडीच्या खिशातून तोच काढला. तिच्या हातचा म्हणून त्यानं निघताना तो फळीवरून उचलला होता. तोच मग जीवखडा झाला. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात असतो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला की खडा नदीत सोडायचा. कोंडीराम रोज त्याच्यावर पाणी घाली आणि त्याच्याशी दोन शब्द बोले.

नवव्या दिवशी पुण्याहून एक साहेब आले. असे पडलेले दगड गोळा करत ते गावोगाव फिरत होते. ओसरीवर बसून त्यांनी वही उघडली.

"पडताना कुणी पाहिला?"

"मंडळीनं," कोंडीराम म्हणाला.

"त्यांना बोलवा. दोनच प्रश्न विचारायचेत."

कोंडीरामचे चुलतभाऊ सोपानराव यांनी आत पिठावर ठेवलेल्या दिव्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी टोपी काढली.

"मी उद्यापर्यंत थांबतो," दगड उद्या नदीत सोडायचा आहे हे ऐकून ते म्हणाले.

दहाव्याला घाटावर पिंड मांडला. कावळे बाभळीवर बसून राहिले. गेलेल्याचं मन कशात अडकलं असलं की कावळा शिवत नाही.

"धाकटीचं लगीन तुझ्या मनासारखं करीन," कोंडीराम म्हणाला. कावळे हलले नाहीत. "तुझ्या भावाशी बोलंन." तरी नाही. "दुसरी बायको करणार न्हाई."

"या वयात तुला देतंय कोण?" शेजारची गोजाबाई पुटपुटली.

ऊन कललं. सोपानराव साहेबांकडे वळले. "साहेब, ह्यो दगूड हितला हाय का?"

"नाही. हा पृथ्वीवरचाच नाही."

"मग खडाच चुकला, दादा. वैनीनं जन्मात खेड तालुका वलांडला न्हाई. ती असल्या दगडात बसंल कशी?"

भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि क्रिया उरकली.

कोंडीराम खडा घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिला. ती यात नव्हती, तर दहा दिवस आपण कुणाशी बोललो? आणि ती गेली कुठं? तो तसाच मागं फिरला आणि साहेबांपुढं मूठ उघडली.

"न्या."

"नदीत नाही सोडायचा?"

"रिकामा हाय."

साहेबांनी खडा कापसात गुंडाळून डबीत घातला, नमस्कार केला आणि ते जीपमध्ये बसले.

जीप चाकणच्या वाटेला लागली तेव्हा कोंडीरामच्या मनात आलं, साहेबाला दगडाचं कळतं. त्यात कोण आहे, कोण नाही, हे त्याला काय कळणार? सोपानला तरी काय कळणार? ती आत असली तर? ओल्या धोतरानं तो पळत सुटला. रस्त्यावर नुसती धूळ होती. मागून सोपानराव हाका मारत होते, अंघोळ राहिली म्हणून.