देवाचे फोटो आणि अप्पांचा आवाज

मित्रांनो, मी औशाच्या गौरम्मांचा जुना मोबाईल आहे. माझी काच तडकली आहे, बॅटरी दुपारपर्यंतच कशीबशी टिकते. तरी गौरम्मा मला सोडत नव्हत्या, कारण माझ्यात त्यांच्या मालकांचा, विरूपाक्षअप्पांचा आवाज होता.

अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान होतं. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. एकदा अप्पांनी दुकानातूनच आवाजी निरोप धाडला, "ऐकलीस का, नळ आलाय म्हनं. भांडी भरून घे. मला उशीर हुईल, तू जेवून घे." थोड्याच दिवसांत अप्पा गेले, त्यांचा फोनही बंद पडला. मागे एवढाच आवाज राहिला. नळ आला की गौरम्मा आधी मला कानाशी धरत, अप्पांचं ऐकत, मगच घागर लावत.

त्यांचं गणगोत मोठं. सकाळची लिंगपूजा झाली की महादेवाचा नाहीतर बसवण्णांचा फोटो 'शुभ सकाळ' म्हणून उदगीरपासून बिलोलीपर्यंत साऱ्यांना जायचा. साऱ्यांचे फोटो त्यांनाही यायचे. पण देवाचा फोटो पुसायचा कसा? कोणीच पुसत नसे. मी गच्च भरलो. मित्रांनो, ते फोटो नुसते माझ्या पोटात राहत नाहीत. त्यांच्या प्रती लांब कुठेतरी मोठाल्या यंत्रांत पडून असतात. ती यंत्रं रात्रंदिवस विजेवर चालतात, तापतात, आणि त्यांना थंड ठेवायला बऱ्याच ठिकाणी पाणी लागतं. इकडे आम्ही नळाची वाट बघायची आणि तिकडे आमच्याच शुभ सकाळीने पाणी प्यायचं, हे गौरम्मांना मी कसं सांगणार?

एक दिवस मी अडूनच बसलो. कॉलेजात जाणारी नात शिवानी म्हणाली की हे फोटो काढून टाकू. गौरम्मांनी तिचा हात धरला.

"देवाला पुसू नगं गं, पाप हाय. दुसरं काय बी काढ."

शिवानीने दुसरं काढलं. जुने व्हिडिओ, बिननावाचे आवाज. त्यांत अप्पाही गेले. मला ओरडता आलं नाही.

पुढे नळ आला. गौरम्मांनी मला कानाशी धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. शिवानीने खूप शोधलं, मग ती रडायला लागली.

"तू कशाला रडतीस? म्याच सांगितलं की," गौरम्मा म्हणाल्या. तोवर नळ गेला. त्या दिवशी घरातली भांडी रिकामीच राहिली.

मित्रांनो, देव तर गौरम्मांच्या गळ्यातल्या लिंगात होताच, त्याला माझ्यात साठवायची गरज नव्हती. सकाळ शुभ म्हणायची तर शेजारच्या दारात जाऊन म्हणा. नको ते वेळीच पुसा आणि आपल्या माणसाचा आवाज जपा.

आज सकाळी पुन्हा नळ आला. सवयीने गौरम्मांनी मला उचललं, कानाशी नेलं आणि तेवढ्यात मी वाजलो. महादेवाचा नवा फोटो आला होता.