पाऊण नॅनोसेकंद

छपराच्या तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून धाकटीने जुन्या केबलला चिकटवलेला तापमापक सोडवला. एकसष्ट अंश. बोटांना चटका बसला तरी ती उठली नाही. शेजारून गेलेल्या नव्या केबलकडे पाहत तशीच बसून राहिली.

खाली प्रयोगशाळेत उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारं यंत्र होतं. छपरावरच्या अँटेनापासून त्या यंत्रापर्यंत साठेक मीटर केबल. संदेशाला तिच्यातून उतरायला लागणारा वेळ एकदा मोजून ठेवलेला, आणि तो कधी बदलत नाही असं सगळे धरून चाललेले. पण ऊन चढलं की केबल तापायची, तो वेळ बदलायचा आणि दुपारच्या नोंदी पाऊण नॅनोसेकंदाने सरकायच्या. पापणी लवते तेवढ्या वेळाच्या पासंगालाही हा अवधी पुरत नाही. पण जगभरच्या प्रयोगशाळा एकमेकींची घड्याळं ताडून बघतात तेव्हा तेवढ्यावरून अब्रू जाते. उष्णता सोसणाऱ्या नव्या केबलवर महिनाभरात नोंद तसूभर हलली नव्हती.

भावोजींनी हे तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान, तिथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. धाकटीच्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंगची कांडी दिली ती त्यांनी, आणि इथे नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच. बाहेरून तक्रार आली तेव्हा ते म्हणाले होते, केबल तापतेय. पण ती केबल साहेबांनी स्वतः निवडून आणलेली. म्हणून यंत्राशी कुणी छेडछाड करतंय का, याची चौकशी बसली. धाकटीला एकच प्रश्न विचारला गेला.

"दुपारी यंत्राला हात कोण लावतं?"

"दुपारची पाळी भावोजींची असते."

शब्दाला शब्द खरं होतं. यंत्रावरचं सील रोज संध्याकाळी ती स्वतः तपासायची आणि ते कधीच तुटलेलं नव्हतं, हेही खरं होतं. ते कुणी विचारलं नाही. तिचं कंत्राट त्याच आठवड्यात वाढवायचं की नाही ते ठरणार होतं. भावोजींनी राजीनामा दिला आणि महिन्याभरात त्यांची खुर्ची तिला मिळाली.

आज साहेबांनी तिचा अहवाल उभ्या उभ्या चाळला.

"उत्तम. फक्त शेवटचा परिच्छेद काढा. जुन्या चौकशीचं इथे काय काम? झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू द्या."

"तो काढला तर अहवालात उरतं काय, साहेब?"

"तुमची नोकरी," साहेब हसून म्हणाले.

तिने परिच्छेद काढला नाही. अहवाल पिशवीत घातला आणि थेट ताईच्या घरी गेली. वाटेत तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

भावोजी खिडकीशी पंख्याची मोटर उघडून बसले होते. राजीनाम्यानंतर ते घरीच दुरुस्त्या करत. हात पुसून त्यांनी अहवाल घेतला आणि एकेक पान सावकाश वाचलं.

"केबल साठ मीटर नाही. एकसष्ट मीटर वीस. मी मोजलीय."

"आकडा बदलते."

शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या.

"मी हा तसाच देणार आहे, भावोजी. नोकरी गेली तर गेली."

"नको देऊस." त्यांनी आवाज खाली आणला. "ताईला मी सांगितलंय, चूक माझीच होती म्हणून."

"तुमची? का पण?"

"नाहीतर तिने विचारलं असतं, धाकटी तेव्हा काय बोलली." त्यांनी मोटरमधला एक स्क्रू उचलून बाजूला ठेवला. "तिला तू एकटीच तर आहेस माहेरची."

ताई चहा घेऊन आली. "कसले गं कागद?"

"हिच्या कामाचे," भावोजी म्हणाले. "मोठा दोष शोधून काढलाय हिने."

"बघा! नाहीतर तुम्ही. एका चुकीपायी होत्याचं नव्हतं करून बसलात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. रोजच्या भाजीला रोजचं मीठ, तसं ते वाक्य आलं. भावोजींनी मान हलवली.

धाकटीने तोंड उघडलं. भावोजींनी पानं नीट जुळवली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली. पिशवीत सरळ जाईनात, तेव्हा मधोमध दुमडली.

ताई तिच्याजवळ येऊन बसली आणि पाठीवरून हात फिरवू लागली.

"किती वाळलीस गं. फार राबवून घेतात का तुला तिथे?"

"हो," धाकटी म्हणाली.