फाळक्याच्या जागी लिफ्ट

कंबरेच्या ऑपरेशननंतर आमच्या ह्यांनी एकच पालुपद लावलं होतं, गाडी विकून टाकू. लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात पोचवणारी आमची छोटी पिकअप. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केलेली, हौद्यात चढायला पायही वर जाईना, मग गाडी ठेवून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. गाडी गेली की हा माणूस खिडकीत बसून सुकून जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "पुन्हा विकायची गोष्ट काढाल तर याद राखा!" आणि सरळ वेल्डरकडे गेले.

वेल्डर माझा मावसभाऊ. त्याने मागचा फाळका काढला आणि तिथे लोखंडी फळी बसवली. लांब वायरला लटकणाऱ्या डबीवरचं एक बटण दाबलं की फळी जमिनीला टेकते, दुसरं दाबलं की सामानासकट हौद्याच्या उंचीला येते. "ताई, फळीचं वजनही गाडीवरच पडणार, तेव्हा सामान थोडं कमी भर. आणि फळीवर माणसं चढवू नकोस," त्याने बजावलं. हे गाडीभोवती फिरून खोट काढत होते. वेल्डिंग ओबडधोबड, रंग भलताच, फळी अरुंद.

"तुम्ही खाली उभं राहून बटण दाबायचं. बाकी मी बघते."

"म्हणजे आता मी लिफ्टमन!"

"मग काय झालं? घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरं."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी बोलून गेले आणि मलाच वाईट वाटलं, पण माघार घेईन तर मी कसली!

पहिलंच काम एका शिक्षिकाबाईंच्या घराचं. त्यांच्या मदतीने फ्रिज ढकलत फळीवर आणला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "हं, उचला!" झालं! ह्यांनी हातातलं बटण सोडलं, वाकले आणि फ्रिजखाली हात घातले. दुसऱ्या बाजूने मीही वाकलेली. लिफ्ट बसवून घेतलेली दोन शहाणी माणसं फ्रिज हाताने उचलताहेत! बाई खुदकन हसल्या. तेवढ्यात ह्यांच्या तोंडून "आई गं" आलं आणि सगळ्यांचं हसू जिरलं.

त्यांना फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवलं.

"उसण भरलीय नुसती," ते म्हणाले. "बघ, बटण दाबायचं कामही मला जमत नाही. विकून टाक." आवाज अगदी खोल गेलेला.

मी बटण दाबून फ्रिज वर नेला, चाकावर पाय देऊन चढले, तो फळीवरून हौद्यात ओढून घेतला आणि दोर बांधायला घेतला. दोर बांधणं हे ह्यांचं काम. मी खालून सामान द्यायची आणि हे हौद्यात बांधायचे. गाडी खड्ड्यात आपटली तरी कपाटाला ओरखडा नसायचा. माझी गाठ मात्र ओढली की सुटत होती. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. डोळे असे भरून आले की दोरही दिसेना.

"अगं, तसं नाही! आधी खालून फिरव!"

"मला नाही येत!" मी ओरडले. "येत नाही म्हणून तर तुम्ही हवे आहात!"

तेवढ्यात फळी घरघरत खाली गेली. वळून बघते तो हे फळीवर उभे, एक हात कंबरेवर, दुसऱ्यात बटण.

"अहो, माणूस चढवायचा नाही!"

"मोडक्या कंबरेचा आहे, सामानातच धर."

फळी वर आली. मी हात दिला, त्यांनी हौद्यात पाऊल टाकलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. क्षणभर नुसते उभे राहिले, मग माझ्या हातातला दोर ओढून घेतला. "सरक बाजूला." दोन वेढे, एक गाठ. मी फ्रिजला धक्का दिला, तो हलला नाही.

"आता खाली चला, टेका जरा."

"कपाट आण आधी. ते या बाजूला बसेल."

मी घरात गेले, कपाटाआड उभी राहिले आणि पोटभर रडले. बाहेरून हाक आली, "अगं, किती वेळ? मी इथे वर थांबलोय!"