दुमडलेला कोपरा

हात कमी लाव. पोटात जितकं चाचपशील, तितकं नंतर चिकटेल. हे मी शिकाऊ डॉक्टरांना सांगते. माझे हात ऐकत नाहीत.

सिग्नेचं पोट तिसऱ्यांदा उघडलं होतं. आधीच्या जखमा भरताना आत दोऱ्यांसारखे पट्टे तयार झाले, आतडं पोटाच्या भिंतीला चिकटलं आणि वाट बंद. भूल देण्याआधी ती म्हणाली होती, "बोडिल, सोडव. पण परत चिकटू देऊ नकोस. चौथ्यांदा मी यायची नाही. सांगून ठेवते."

सोडवलं. पट्टा पट्टा कापून. रक्त थांबवलं. मग सलाइन, पुन्हा सलाइन, हात सतत ओले, कारण आतडं कोरडं पडलं की

चिकटतं.

आता पाकिटातला पापुद्रा. पारदर्शक, ठिसूळ. सोललेल्या जागेवर पसरायचा. जखम भरेपर्यंत आतडं आणि भिंत वेगळी ठेवतो, मग विरघळतो. अट एकच: जागेवर टेकेपर्यंत त्याला ओल लागता कामा नये.

आणि मी ओल्या बोटानं त्याचा

"केक!" अवजारं देणारा टॉर्बन ओरडला. आमच्याकडे चूक झाली की केक आणायचा, मग तुम्ही कुणीही असा.

पापुद्रा माझ्या हातमोज्यावर दुसऱ्या कातडीसारखा बसला होता.

"मऊ आण हं. लेनेनं आणलेल्यावर माझा दात हलला."

"खाल्लास की तीन तुकडे!" समोरून लेने म्हणाली. ती माझी सहायक.

"टॉर्बन, दुसरा दे."

"आहे. पण शेवटचा."

मग कुणी हसलं नाही.

मोजे बदलले. जागा टिपली. कोरड्या बोटांनी, हळू. उतरला. टेकला.

एक कोपरा दुमडला.

"राहू दे," लेने.

"सरळ करते."

"फाटेल. बोडिल, राहू दे ना!"

बोट निघालं होतं. कोपऱ्याखाली नखाएवढी जागा उघडी. ओढला तर सगळाच निघेल. नाही ओढला तर तिथे, कदाचित. बोट तिथेच, हवेत.

मी दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले.

"टाके तू घाल, लेने."

चार दिवसांनी केक मी वॉर्डातच नेला. सिग्ने सलाइनचा स्टँड ढकलत आली. "मला दे. काल जेवले, सगळं नीट उतरलं."

"सिग्ने, एक कोपरा दुमडला गेलाय."

"कसला?"

सांगितलं. ती चावायची थांबली.

"मग चिकटेल?"

"माहीत नाही. पुन्हा उघडल्याशिवाय दिसत नाही."

"म्हणजे तुला कधी कळायलाच नको."

"नको."

ती पुन्हा चावू लागली. सावकाश. गिळलं. मी घास कुठवर गेला असेल ते

"पोटाकडे काय बघतेस?"

"काही नाही."

मी हात कोटाच्या खिशात घातले. तिथेही ते गप्प बसेनात.