स्लावेला कुणी बोलावत नाही

सकाळपासून देसांका मांडीवर फोन घेऊन बसली होती. आज संत निकोलाचा दिवस, म्हणजे घरची स्लावा, कुळाच्या संताचा सण. दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे, मिलोयेकडे, आज अर्धं चाचाक गाव जेवून जाणार, आणि सख्ख्या बहिणीला साधा फोन नाही. डोंगरावरच्या त्या पंथाच्या वस्तीत तिने उमेदीची वर्षं घालवली, गुरूच्या शब्दाखातर घर तोडलं. पानगळीत ती तिथून पळून आली, पण भावासमोर जायचं धाडस झालं नव्हतं. आता त्याने आपल्याला कायमचं टाकलं, अशी तिची खात्रीच झाली.

वरच्या मजल्यावरच्या स्तानिया आजी नटूनथटून दारात थबकल्या. "मी मिलोयेकडे निघालेय. तू अजून घरच्याच कपड्यांत?"

"मला बोलावलं नाही, आजी."

"स्लावेला कुणी बोलावतं होय गं? आपलं आपण जायचं असतं. कुठल्या मुलखात वाढलीस? ऊठ, बूट घाल."

देसांकाला स्वतःचीच लाज वाटली. लहानपणी, आत येणाऱ्या प्रत्येकाने आधी चमचाभर खायचा त्या उकडलेल्या गोड गव्हाचं ताट तीच तर धरायची. पण वस्तीत नाव पुकारल्याशिवाय जेवणघरात पाऊल टाकायची सोय नव्हती. नाव आलं नाही की भिंतीशी उपाशी उभं राहायचं.

मिलोयेचं दार सताड उघडं होतं. आतून तळलेल्या माशांचा वास आणि हसणं येत होतं. आजी आत गेल्या. देसांका मात्र बाहेरच भिंतीला टेकून उभी राहिली. पाय उचलेचना.

पाहुण्याला पोचवायला मिलोये बाहेर आला. केस पार पिकले होते. तिला बघून तो पाहुण्याला तिथेच सोडून पुढे आला.

"तिथे काय उभी राहिलीस? देसांका, आत ये."

नाव ऐकताच तिचे पाय आपोआप चालू लागले, अगदी वस्तीत चालायचे तसे. ते तिच्या ध्यानात आलं. ती थांबली आणि परत भिंतीशी गेली.

"दादा, बोलावू नकोस. तू जा आत."

"अगं, पण..."

"जा ना. मी येते. माझी मी."

काही न कळून तो आत गेला. दार तेवढं उघडं ठेवलं. ती बराच वेळ एकटीच उभी होती. कुणीतरी हाक मारावी असं तिला इतकं वाटलं की डोळे भरून आले. आत गाणं सुरू झालं. हाक आली नाही.

मग तिने बुटांचा चिखल पुसला आणि उंबरा ओलांडला. ताटाच्या तळाशी थोडा गहू उरला होता. तिने चमचा भरून घेतला.